दिवसातून दोनदा, न चुकता

घड्याळ काढून घरीच ठेवा. तिथे ते चोरीला जाईल एवढ्यासाठी सांगत नाही. जाईल म्हणा, दहा मिनिटांच्या आत जाईल. पण ज्या माणसांत तुम्ही निघाला आहात त्यांचं घड्याळ मनगटावर नसतं, ते पोटऱ्यांत आणि आतड्यांत असतं. सहा-आठ तास झाले की वाजायला लागतं. आधी जांभया, मग नाक-डोळे गळतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आतडी पिळवटून निघतात, आणि त्यानंतर माणूस आईच्या गळ्यातलं मंगळसूत्रही ओळखत नाही. मुंबई-पुण्याच्या गर्दुल्ल्यांच्या बोलीत याला 'टर्की' म्हणतात. जर्मन बोलणारे 'माकड' म्हणतात. पाठीवर बसलेलं आणि न उतरणारं.

१९९१चा डिसेंबर. झ्युरिकच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडा आणि मागच्या अंगाला या. बुरुज असलेली, किल्ल्यासारखी इमारत दिसतेय ना, ते राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय. त्याला वळसा घातला की प्लाट्झस्पिट्झ नावाची बाग लागते. एकीकडून लिमाट वाहते, दुसरीकडून झील, आणि बागेच्या टोकाला दोघी एकमेकींना मिळतात. आपल्याकडे अशा संगमावर घाट बांधला असता, महादेवाचं देऊळ असतं, नारायण नागबळी करणारे गुरुजी असते. इथे उंच झाडं आहेत आणि बँड वाजवण्यासाठी बांधलेला गोल मंडप आहे. जेम्स जॉइस या शहरात राहायचा तेव्हा हा संगम त्याच्या आवडीचा होता.

आता मात्र पायाखाली बघून चाला. चिखलात सुया आहेत. मंडपाच्या पायऱ्यांवर, झाडांच्या बुंध्यांशी, पुतळ्याच्या चौथऱ्यावर माणसंच माणसं. थंडी मरणाची आहे, पण कित्येकांच्या एका हाताची बाही कोपरापर्यंत वर गेलेली. कुणी मानेत शीर शोधतोय, कारण हातातल्या संपल्या. एक मुलगी दुसरीला आरसा धरून देतेय. विकणारे हळू आवाजात पुटपुटत फिरतात, 'शुगर, शुगर.' दचकू नका. आपल्याकडच्या ब्राऊन शुगरचं आडनाव तेवढं इथे गळलंय.

मंडपाजवळ फळ्या टाकून मांडलेली ती 'दुकानं' बघा. फळीवर स्वच्छ चमचे, पाण्याचे ग्लास, सुया, कापसाच्या गोळ्या असं सगळं मांडलेलं. ग्राहक येतो, आपला माल तिथेच विरघळवतो, टोचून घेतो आणि निघून जातो. दुकानदार पैसे मागत नाही. त्याला फक्त ग्राहकाने गाळणीसाठी वापरलेला बोळा हवा असतो. असे वीस-तीस बोळे जमले की त्यांत मुरलेल्या थेंबांतून त्याची स्वतःची एक मात्रा निघते. याला इथे 'फिल्टरलीफिक्सर' म्हणतात. उसाच्या चोयट्या पुन्हा चरकात घालून दिवस काढणारा माणूस.

गर्दी उन्हाळ्यात यापेक्षा मोठी असते. सगळ्या देशातून, शेजारच्या देशांतूनही पोरं येतात. पोलीस कधी आत येतात, कधी कुंपणाबाहेर उभे राहून बघतात. शहरभर विखुरण्यापेक्षा एका जागी दिसलेले बरे, असा नगरपालिकेचा कित्येक वर्षांचा हिशेब. आणि ती शौचालयाची छोटी इमारत? तिथे पेटर ग्रोब नावाच्या डॉक्टरच्या पुढाकाराने 'झिप-एड्स' ही योजना चालते. वापरलेली सुई द्या, नवी घ्या. गर्दीच्या दिवशी दहा हजारांवर सुया इथून बाहेर पडतात. सहा वर्षांपूर्वी, १९८५ साली, याच प्रांताच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुया वाटायला बंदी घातली होती, परवाने जातील अशी धमकी दिली होती. शेकडो डॉक्टरांनी ती बंदी उघड उघड मोडली. एड्स दारात उभा होता, आणि पश्चिम युरोपात तो ज्या देशांना सगळ्यांत जास्त झोंबला त्यांत हा श्रीमंत, नीटनेटका, घड्याळं बनवणारा देश होता.

गर्दीतला एक निवडा. तो, निळ्या जाकिटातला, तेवीस-चोवीसचा असेल. त्याला नाव विचारू नका. नुसते त्याच्या मागे राहा आणि दिवस मोजा.

पहाटे पाचला माकड त्याला उठवतं. सातपर्यंत स्टेशनात भीक. आठला एका दुकानातून कॅमेरा उचलतो. साडेनऊपर्यंत तो विकायला गिऱ्हाईक शोधतो, दहाव्या हिश्श्याने देतो. दहाला बाग. विकणारा ओळखीचा नाही, मालात काय मिसळलंय कळायला मार्ग नाही. कधी इतकं पातळ की काही होत नाही, कधी इतकं तेज की माणूस निळा पडतो आणि झिप-एड्सवाले धावत येऊन त्याला श्वास देतात. सव्वादहाला टोचतो. वीस मिनिटं बरी जातात. पुढचे दोन तास नुसतं माणसासारखं वाटतं, म्हणजे तुम्हाला आत्ता वाटतंय तसं. एक वाजता पुन्हा हिशेब सुरू. दिवसाचे सोळा तास राबून हा मुलगा तीन वेळा निरोगी होतो. त्याच्याइतका कामसू माणूस या शहराच्या बँकांतही सापडायचा नाही. आळशी म्हणून लोक ज्यांना हिणवतात, त्यांना सुट्टीचा दिवस ठाऊकच नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

५ फेब्रुवारी १९९२ रोजी बागेला कुलूप लागतं. थांबून बघण्यासारखं त्यात काही नाही. पाणी अडवलं की ते आजूबाजूच्या घरांत शिरतं, तसे हे लोक शेजारच्या वस्तीत शिरतात. जिन्यांत, शाळेच्या आवारात, लोकांच्या फाटकांत. पोलीस अश्रुधूर सोडतात, रबरी गोळ्या झाडतात. वर्षभरातच सगळा मेळा लिमाटच्या काठाने थोडा पुढे सरकतो, लेटेन नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनाच्या रुळांवर. आता तिथे टोळ्या आहेत, पिस्तुलं आहेत, खून आहेत.

इथे शहरातले काही डॉक्टर आणि काही राजकारणी एक प्रश्न मोठ्याने विचारू लागतात. हे विष आपणच, शुद्ध स्वरूपात, मोजून, दवाखान्यात दिलं तर?

प्रश्न नवा नाही. चला, मागे जाऊ.

१९६७, उन्हाळ्यातली रात्र, लंडन. पिकॅडिली सर्कसवर निऑनच्या जाहिराती चालू-बंद होताहेत. पावणेबारा झालेत आणि रात्रभर उघड्या असणाऱ्या बूट्सच्या औषधाच्या दुकानात रांग लागली आहे. रांगेत लांब केसांची पोरं आहेत, एक कॅनेडियन आहे, एक बाई नर्ससारखी नीटस. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या. कुणी भांडत नाही, कुणी पुढे घुसत नाही, फक्त सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताहेत. चिठ्ठीवर तारीख उद्याची आहे आणि कायद्याने 'उद्या' बाराच्या ठोक्याला सुरू होतो. बारा वाजतात. काउंटरवरचा औषधविक्रेता शांतपणे एकेक चिठ्ठी घेतो आणि हेरॉइनच्या गोळ्यांची पुडी पुढे सरकवतो. फुकट. चिठ्ठीमागचा आकार दोन वर्षांपूर्वी सरकारने रद्द केलाय.

चिमटा काढून बघा, स्वप्न नाही. ज्या वस्तूसाठी अमेरिकेत डॉक्टरलाही तुरुंग दाखवला जातो, ती इथे कुठलाही डॉक्टर लिहून देऊ शकतो. आणि ही वस्तू जन्माने याच शहराची. १८७४ साली इथल्याच सेंट मेरी हॉस्पिटलमध्ये सी. आर. ऑल्डर राइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फीन उकळून ती पहिल्यांदा बनवली आणि बाजूला ठेवून दिली. १८९८ मध्ये बायर कंपनीने तिला 'हेरॉइन' हे नाव दिलं आणि खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं. मॉर्फीनसारखी सवय लागत नाही, असा तेव्हा बोलबाला होता. असो.

लंडनच्या या उदारपणाची मुळं १९२६ सालात आहेत. सर हम्फ्री रोलस्टन यांच्या समितीने तेव्हा विचारपूर्वक मत दिलं की व्यसन हा आजार आहे. सोडवण्याचे उपाय थकले असतील, आणि थोड्या ठरलेल्या मात्रेवर माणूस आपलं काम, आपला संसार नीट करत असेल, तर डॉक्टरने ती मात्रा देत राहणं यात गैर नाही. समितीच्या डोळ्यांसमोर कोण होतं? दुखण्यापायी मॉर्फीनची सवय लागलेले मध्यमवयीन रुग्ण, आणि औषधाच्या कपाटाची किल्ली हातात असलेले डॉक्टर, नर्सेस. अशी माणसं साऱ्या देशात मिळून काही शे. चाळीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. ब्रिटिशांना त्याचा अभिमान वाटू लागला, आणि अभिमान वाटू लागला की तपासणी ढिली होते.

रांगेतून बाहेर पडणाऱ्या त्या पोरामागे जा. भुयारी स्टेशनच्या जिन्यात तो थांबतो. दहा मिलिग्रॅमची एक गोळी, तिला इथे 'जॅक' म्हणतात. सहा जॅकचा एक ग्रेन, आणि काळ्या बाजारात ग्रेनचा भाव एक पौंड. त्याची रोजची गरज पाच ग्रेन, पण डॉक्टरसमोर तो आठ सांगतो. डॉक्टरकडे मोजमाप नाही, तो आठ लिहितो. उरलेले तीन जिन्यात विकले जातात. विकत घेणारा आज चिठ्ठीवाला नाही. सहा महिन्यांनी असेल.

सगळेच डॉक्टर असे नव्हते, बोटांवर मोजण्याइतके होते. लॉर्ड ब्रेन यांच्या समितीचा १९६५चा अहवाल वाचताना मी एका आकड्यापाशी अडखळलो होतो. १९६२ या एका वर्षात एकाच डॉक्टरने हेरॉइनच्या जवळजवळ सहा लाख गोळ्या लिहून दिल्या. सहा किलो. एका रुग्णाला एकदम नऊशे, आणि तीन दिवसांनी, अपघातात हरवल्या म्हणून, आणखी सहाशे. गृहखात्याच्या नोंदीत १९६४ साली हेरॉइनचे व्यसनी ३४२ होते. १९६८ साली २,२४०.

म्हणून १९६८च्या एप्रिलपासून कुठल्याही डॉक्टरचा हा अधिकार काढून घेतला गेला. खास परवाना असलेल्यांनी, खास क्लिनिकांतूनच द्यायचं. पुढे त्या क्लिनिकांतल्या मानसोपचारतज्ज्ञांनाही हे पटेना. आपण डॉक्टर की पुरवठादार, असा सल त्यांना होता. मग ९६ व्यसनींवर एक अभ्यास झाला. सुमारे निम्म्यांना टोचायचं हेरॉइन, बाकीच्यांना त्याऐवजी दिलं जाणारं, प्यायचं मेथाडोन. हेरॉइनवाले क्लिनिकला धरून राहिले, पण जिथे होते तिथेच राहिले. मेथाडोनवाल्यांतले बरेच पळाले, आणि काही खरंच सुटले. ज्याला जे पटलेलं होतं, ते त्याने त्यातून उचललं. क्लिनिकं मेथाडोनकडे झुकली आणि पिकॅडिलीची रांग लोकांच्या आठवणीत गेली.

त्या रांगेवरून पाठीमागे बघा. चूक कुठे झाली असं वाटतं? औषध दिलं इथे झाली, असं मला वाटत नाही. औषध दिलं आणि पाठ फिरवली, तिथे झाली.

परत जाताना वाकडी वाट करून पुण्याला एक रात्र काढू. सन १९८६. गर्द, म्हणजे आपली ब्राऊन शुगर, मुंबईच्या फुटपाथांवरून पुण्याच्या कॉलेजांपर्यंत पोचलाय. पन्नीवर पूड, खाली काडी, तोंडात नळी. अनिल अवचट या पोरांमध्ये फिरून लिहिताहेत. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर आहेत. ते लेखन वाचून अस्वस्थ झालेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पैसे देतात, आणि त्या रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू होतं. इथला मार्ग अगदी दुसरा. एक कण द्यायचा नाही. टर्की सोसायची, सोसताना कुणी तरी शेजारी बसायचं, मग गटात बोलायचं, घरच्यांना बोलावायचं, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा सोडायचा नाही. आदल्याच वर्षी देशाने अमली पदार्थांचा कडक कायदा केलाय. गर्द लिहून देणारा डॉक्टर, हे वाक्य या आवारात कुणी उच्चारलं असतं तर लोकांनी त्यालाच दाखल करून घेतलं असतं.

पण आपला देश या कल्पनेला अगदीच अनोळखी नव्हता. स्वातंत्र्यानंतर अफूचं व्यसन दहा वर्षांत संपवायचं ठरलं, १९५९ साल उजाडलं, आणि औषधाव्यतिरिक्त अफूला बंदी आली. तेव्हा आयुष्यभर अफू खाल्लेल्या म्हाताऱ्यांचं काय करायचं? सरकारने त्यांची नोंदणी केली आणि वैद्यकीय दाखल्यावर त्यांचा ठरलेला वाटा चालू ठेवला. कुणी मोर्चा काढला नाही. आजोबांची अफू आणि नातवाचं गर्द यांत आपण फरक केला. रसायनात तो फारसा नाही, वयात आहे. आज आपल्या सरकारी केंद्रांतही ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नर्ससमोर जिभेखाली ठेवून विरघळवायला लावतात. तत्त्व तेच, वस्तू सौम्य.

मुक्तांगणातून सुटून, सावरून, संसाराला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे पुढचं वाचताना मुक्तांगण विरुद्ध झ्युरिक असा सामना लावू नका. झ्युरिकच्या डॉक्टरांपुढे जो येणार होता, तो सोडवण्याचे सगळे प्रयत्न करून हरलेला होता. अट तशीच होती. व्यसन किमान दोन वर्षांचं, आणि इतर उपचार निदान दोनदा फसलेले.

१९९४. परत झ्युरिक. लेटेनच्या रुळांवर मेळा अजून चालू आहे, तो पुढच्या वर्षी १४ फेब्रुवारीला मोडला जाईल. पण शहरात एक दार नव्याने उघडलंय. बाहेर पाटी साधी. घंटा वाजवा.

निळ्या जाकिटातला तुमच्या आधी आत शिरलाय. जाकीट तेच आहे, फाटलेलं. तो काउंटरपाशी उभा राहतो. नर्स त्याच्याकडे नीट बघते. दारू प्यायलाय का, झोकांड्या जाताहेत का, डोळे कसे आहेत. सगळं ठीक असेल तर काचेखालून एक भरलेली सिरिंज येते. तीवर त्याचं नाव, त्याची मात्रा. रोजची एकूण मात्रा साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, दोन किंवा तीन वेळांत वाटलेली. तुम्हाला-मला त्यातला छोटा भागही झेपणार नाही.

तो खुर्चीवर बसतो. समोर टेबल, कापूस, पट्टी, कचऱ्याचा पिवळा डबा. उजेड पांढरा, खोली बँकेच्या मागच्या खोलीइतकी नीरस. टोचायचं त्यानेच, नर्स शीर दाखवते पण हात लावत नाही. सिरिंज परत करायची, एक थेंबही बाहेर न्यायचा नाही. मग थोडा वेळ बसून राहायचं, कुणी तरी श्वासाकडे लक्ष ठेवून असतं. संध्याकाळी पुन्हा. रविवारी, नाताळला, एक जानेवारीलाही. पिकॅडिलीच्या जिन्यात जे झालं त्याच्यावर काढलेला हा उतारा. औषध द्या, पण पाठ फिरवू नका.

तो बाहेर येतो तेव्हा सकाळचे नऊ वाजलेत. पुढची वेळ संध्याकाळी पाचची. मधे आठ तास आहेत आणि त्याला काहीही करायचं नाही. चोरायचं नाही, विकायचं नाही, शोधायचं नाही. तो फुटपाथवर उभा राहतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधू नका. तिथे गोंधळ आहे. माकड गेलं, आणि त्याच्याबरोबर दिवसभराचं कामही गेलं. अशा कित्येक रुग्णांना सुरुवातीच्या काही महिन्यांत उदासीनं ग्रासलं. दहा वर्षांत केलेलं, गमावलेलं सगळं आठवायला आता वेळ होता. दवाखान्यातल्या सामाजिक कार्यकर्तीचं खरं काम इथून सुरू होतं. राहायला खोली, दातांचा डॉक्टर, कर्जाची कागदपत्रं, एड्सची औषधं, आईला फोन.

१९९४ ते १९९६ या तीन वर्षांच्या चाचणीत हजाराहून जास्त रुग्ण होते. ठिकाणं अठरा, त्यातलं एक तुरुंगात. आम्ब्रोस उख्टेनहागेन या मानसोपचारतज्ज्ञाने सगळ्याचा हिशेब मांडला. ज्यांचं पोट गुन्ह्यांवर चालायचं त्यांचं प्रमाण ६९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. कायम नोकरीत असलेले १४ टक्क्यांचे ३२ टक्के झाले. स्विस माणसं पैशाचा हिशेबही मांडणारच. एका रुग्णाचा दिवसाचा खर्च ५१ फ्रँक, आणि खटले, तुरुंग, रुग्णालयं यांत वाचलेले ९६. पुढे मतदानाच्या वेळी दारोदार प्रचार करताना हा दुसरा आकडा करुणेपेक्षा जास्त चालला असणार, अशी मला शंका आहे. आणि त्यात मला काही लाज वाटण्यासारखं दिसत नाही.

टीकाही झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९९ मध्ये रास्त मुद्दा काढला. रुग्ण सुधारले हे खरं, पण हेरॉइनमुळे की खोली, दात, सल्ला आणि रोजची ओळख यांमुळे, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तो गट पुढे नेदरलँड्सने, जर्मनीने, कॅनडाने, ब्रिटनने घेतला. हरलेल्या रुग्णांत हेरॉइनवाले मेथाडोनवाल्यांपेक्षा जास्त टिकतात आणि रस्त्यावरचा माल जास्त सोडतात, असं त्यांत दिसलं.

आता एक मतपेटी बघायची राहिली. २८ सप्टेंबर १९९७. डोंगराळ प्रांतातलं एखादं गाव निवडा. जिथे बागेतली सुई कुणी बघितली नाही, चर्च भरलेलं असतं, गाईंच्या गळ्यात घंटा आहेत. 'व्यसनमुक्त तारुण्य' या नावाने प्रस्ताव आलाय. हेरॉइन देणं बंद करा, फक्त सोडवणं हाच उपचार. नावच असं की विरोध करायला जीभ रेटू नये. प्रस्तावाविरुद्ध बोलताहेत आरोग्याचं खातं सांभाळणाऱ्या मंत्री रूथ ड्राइफस. त्या कुणाला व्यसनाचं कौतुक शिकवत नाहीत. चार खांबांची गोष्ट सांगतात. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणं, आणि पोलीस. चौथा खांबही आहे, हे ऐकून म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या मुद्रा सैल होतात.

मोजणी होते. प्रस्ताव सत्तर टक्क्यांनी पडतो, आणि एकूण एक प्रांतात पडतो. म्हणून लोक मोकळे झाले असं समजू नका. पुढच्याच वर्षी सगळे अमली पदार्थ कायदेशीर करण्याचा प्रस्ताव याच लोकांनी चौऱ्याहत्तर टक्क्यांनी झिडकारला. १९९९ च्या जूनमध्ये हेरॉइनच्या उपचाराला स्वतंत्र मत घेतलं तेव्हा जेमतेम ५४ टक्के हो म्हणाले. २००८ साली ते कायम कायद्यात घालायचं का विचारलं, तर ६८ टक्के. मधल्या नऊ वर्षांत कुणाचं तत्त्वज्ञान बदललं असेल असं वाटत नाही. जिन्यात सुया दिसेनाशा झाल्या, एवढं झालं.

आणि एक गोष्ट झाली, जी कुणी आधी सांगितली नव्हती. डॉक्टरने हेरॉइन दिलं तर पोरांना ते सोपं वाटेल, अशी सगळ्यांना धास्ती होती. मलाही असती. झ्युरिक प्रांतात दर वर्षी हेरॉइनला नव्याने लागणाऱ्यांचा अंदाज संशोधकांनी बांधला. १९७५ साली ८०, १९९० साली ८५०, आणि २००२ साली १५०. रोज वेळेवर रांगेत उभं राहून, नर्ससमोर, पांढऱ्या उजेडात घ्यायची गोष्ट बंडखोर वाटेनाशी झाली होती. बापाच्या रक्तदाबाच्या गोळीसारखी ती दिसू लागली. मेथाडोनही याच काळात मुबलक झालं होतं, तेव्हा सगळं श्रेय एकाच दाराला देऊ नये.

इंग्लंडात मिडल्सब्रो शहरानेही २०१९ साली असं दार उघडलं होतं. तीन वर्षांनी पैसा आटला आणि ते बंद झालं. रुग्णांच्या शरीरातलं घड्याळ मात्र अंदाजपत्रक बघून चालत नाही.

शेवटचा टप्पा, आजचा. तेच शहर, उन्हाळ्याची दुपार. प्लाट्झस्पिट्झच्या हिरवळीवर लोक डबे उघडून बसलेत, पोरं मंडपाभोवती पळताहेत. रात्री फाटक अजूनही बंद करतात. एवढीच खूण उरलीय. देशात आज दीड हजारांवर लोकांना हेरॉइन लिहून दिलं जातं. बऱ्याच जणांना गोळ्याही मिळतात, आणि करोनाच्या काळात त्या घरी न्यायची मुभाही वाढवली गेली. दवाखान्यातल्या नर्सना आता नव्याच गोष्टी शिकाव्या लागतात. मधुमेह, फुप्फुसं, गुडघे, विसराळूपणा. इथे येणारी पिढी म्हातारी होत चाललीय.

निळ्या जाकिटातला आता साठीला टेकलाय. जाकीट करडं आहे. दोन्ही हातांच्या शिरा कधीच संपल्या, त्यामुळे तो बहुतेक गोळ्यांवरच आहे, रोज सकाळी एक सिरिंज टोचून घेतो ती पायात. दात नवे आहेत. अर्धा दिवस तो एका गोदामात खोकी चिकटवतो. बायको नाही, मांजर आहे. बाकावर तुमच्या शेजारी बसतो आणि तुम्ही कुठले म्हणून विचारतो. मुंबईजवळचे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळतो. तुमच्याकडे समुद्र आहे म्हणतो.

त्याने समुद्र बघितलेला नाही. इथून जिनोआ फार लांब नाही, सकाळी निघालं तर दुपारी पोचेल. पण हे औषध सीमेपलीकडे न्यायचं म्हणजे भानगड. डॉक्टर म्हणतात, त्या दिवसांपुरतं मॉर्फीनवर नेऊ, आधी दोन आठवडे हळूहळू बदलू, कागद करू. त्याला त्या बदलाची भीती वाटते. मागे एकदा तसं केलं तेव्हा रात्री जांभया आल्या होत्या, फक्त जांभया, पण तो पहाटेपर्यंत बिछान्यात ताठ बसून राहिला होता. पुढच्या उन्हाळ्यात बघू, म्हणतो. मांजराकडे बघायला कुणी मिळालं तर.

मग उठतो. संध्याकाळच्या गोळ्या सहाच्या आत घ्यायच्या असतात आणि ट्राम पाच मिनिटांत आहे.